निळ्या दिव्याचा भरवसा

गेल्या महिन्यात नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या समाजभवनात मोफत दंततपासणी शिबिर भरले होते. दोन टेबले, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, शेजारी स्टीलच्या डब्यात हिरवट औषधी पाणी आणि त्यात बुडवून ठेवलेले सहा आरसे. लांब दांड्याचा तो छोटा आरसा एका तोंडातून निघे, डब्यात बुडे, कापसाला टेके आणि मिनिटभरात पुढच्या तोंडात जाई. रांगेत माझ्या पुढे खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, तोंड सोललेला एक ऑटोवाला होता, मागे आईच्या कडेवरचे मूल. मी गुपचूप रांगेतून बाहेर पडलो. त्या आईला मात्र काही बोललो नाही, आणि त्याची टोचणी अजून आहे.

दुसऱ्या दिवशी अंबाझरी तलावाच्या काठावर फिरताना आमच्या टोळक्यात यावरून वाद पेटला आणि तो अजून शमलेला नाही. एका बाजूचे म्हणणे, ‘फुकटात करून राहिले ना बाप्पा, त्यात कायची खोट काढता?’ दुसरी बाजू म्हणते की म्हणूनच स्वस्तात पडू नये. काचेचे दार, थंडगार हवा आणि दाराशी चपला काढायला लावणारी मुलगी असेल अशाच ठिकाणी, रामदासपेठेत किंवा धरमपेठेत, जावे. या दोन बाजू एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण दोघींचे गृहीत एकच आहे: स्वच्छता ही दरपत्रकाप्रमाणे मिळणारी वस्तू आहे, कमी पैशात कमी आणि जास्त पैशात जास्त. मला हे गृहीतच अमान्य आहे. दातांच्या दवाखान्यातली खरी स्वच्छता फरशीवर दिसत नाही, वासावरून कळत नाही आणि बिलावरून तर मुळीच ओळखता येत नाही. ती एक ठरलेली क्रिया आहे. जो ती करतो त्याला ती दाखवता येते. ती दाखवा असे म्हणण्याचा हक्क शिबिरातल्या माणसाला आणि रामदासपेठेतल्या माणसाला सारखाच आहे, आणि तिचा खर्च उचलण्याची जबाबदारीही आपली आहे.

चकचकीतपणा कसा फसवतो याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. शहरातल्या एका महागड्या दवाखान्यात रूट कॅनलसाठी बसलो होतो. समोर काचेचे कपाट, त्यात निळा दिवा, दिव्याखाली ओळीने मांडलेली लखलखीत हत्यारे. ‘हे सगळं स्टरलाइज्ड आहे,’ असे सहायकाने कपाटाकडे बोट दाखवून सांगितले, आणि मला खरोखर बरे वाटले. पुढे कळले की अतिनील किरणांचे ते कपाट हत्यारे साठवण्यासाठी असते. किरण पडतात तेवढ्याच पृष्ठभागावर त्यांचे काम चालते. सांध्यात, खाचेत, पोकळ नळीत किंवा खालच्या बाजूला ते पोहोचत नाहीत. आधीच निर्जंतुक केलेली वस्तू तिथे ठेवली तर ठीक, पण नुसती धुतलेली वस्तू तिथे ठेवून ती निर्जंतुक होत नाही. त्याच बैठकीत सहायकाचा फोन वाजला. त्याने हातमोज्यासकट तो खिशातून काढला, ‘पाच मिनिटांत करतो’ म्हणाला, ड्रॉवर उघडून कापसाचे बोळे घेतले आणि त्याच हाताने सक्शनची नळी माझ्या गालात अडकवली. मोजा होता, पण त्याच्या हाताच्या रक्षणासाठी. माझ्या तोंडाचे रक्षण करणे हे त्या मोज्याचे काम आहे, असे तिथे कोणाच्या गावीही नव्हते.

मग खरी क्रिया कोणती? ती कंटाळवाणी आहे आणि बहुधा म्हणूनच टाळली जाते. हत्यार आधी घासून धुवायचे, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू सुरक्षित राहतात. मग ते एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक असलेल्या पाकिटात सीलबंद करायचे. मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे, किंवा १३४ अंशांवर ३ ते ४ मिनिटे ठेवायचे, वाळवायचे आणि रुग्णासमोर फोडेपर्यंत बंद ठेवायचे. यंत्राचे तत्त्व घरच्या कुकरचेच आहे आणि दोषही तोच: डबा ठासून भरला की मधली डाळ कच्ची राहते. पाकिटावरची पट्टी रंग बदलते, पण ती फक्त उष्णता लागल्याचे सांगते. जंतू मेल्याचे नाही. त्यासाठी उष्णतेला सर्वांत चिवट अशा एका जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी हत्यारांबरोबर आत ठेवून नंतर ते बीजाणू वाढतात का हे तपासावे लागते. दर आठवड्याला ही चाचणी करावी अशी शिफारस आहे. शिबिरातल्या त्या डब्याबद्दलही सांगायला हवे. अशा डब्यांत बहुधा ग्लुटारल्डिहाइड असते. दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये हत्यार पूर्ण निर्जंतुक व्हायला १० तास लागतात. समाजभवनातल्या आरशाला १० सेकंदही मिळत नव्हते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करतो. दातांच्या दवाखान्यातून संसर्ग झाल्याची सिद्ध झालेली उदाहरणे जगभरात थोडीच आहेत. भीतीपोटी दाताकडे जाणेच टाळणारा माणूस स्वतःचे अधिक नुकसान करतो, आणि खर्ऱ्याच्या या शहरात तर फारच. तोंड दोन बोटेही उघडेनासे झाल्यावर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या पायऱ्या चढणारी तिशीतली पोरे ज्याने पाहिली आहेत, तो कोणालाही दवाखान्यापासून दूर राहायला सांगणार नाही. पण ‘सिद्ध झालेली उदाहरणे थोडी’ आणि ‘उदाहरणे थोडी’ ही दोन विधाने एकच आहेत काय? हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान ७ दिवस तग धरतो आणि शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला एक ते सहा महिने लागू शकतात. हिपॅटायटिस सी तर वर्षानुवर्षे गप्प बसतो. यकृत खराब झालेल्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वी काढलेली अक्कलदाढ आठवेल, असे कोणाला वाटते? ज्याचा माग काढण्याची सोयच नाही ते सापडत नाही, यात नवल ते काय.

जिथे माग काढला गेला, तिथे काय दिसले ते पाहावे. तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात २०२३च्या सुमारास मेंदूच्या मेलिऑइडोसिसचे, म्हणजे माती-पाण्यातल्या एका जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराचे, रुग्ण अचानक वाढले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा त्यांतल्या दहा जणांचा धागा एकाच दंत दवाखान्यापाशी पोहोचला. त्यांतले आठ जण दगावले. कारण काय निघाले? सलाइनची बाटली उघडायला हिरडी सोडवण्याचे निर्जंतुक न केलेले हत्यार वापरले जात होते आणि ती बाटली सैल झाकून पुन्हा पुन्हा वापरली जात होती. परदेशातून आलेला गूढ विषाणू नव्हता की बिघडलेले महागडे यंत्र नव्हते. एक बाटली, एक बूच आणि एक सवय.

हे वाचताना मला १९०२ सालचे मुलकोवाल आठवले. पंजाबातल्या त्या खेड्यात ३० ऑक्टोबरला प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती, म्हणून ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. वास्तविक बाटलीचे बूच काढायचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि सहायकाने तो जंतुनाशकात नुसता खळबळून पुन्हा वापरला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. या कथेचा उपयोग ‘पाहा, निष्काळजीपणाने माणसे मरतात’ एवढ्यापुरता करणे मला पुरेसे वाटत नाही. तिच्यातली मला अधिक झोंबणारी गोष्ट अशी की चिमटा पडला तेव्हा तो पडल्याचे दिसले होते, पण ती गोष्ट पाच वर्षे कोणाच्या हिशेबातच आली नाही. नीट नोंद असती तर एक शास्त्रज्ञ वाचला असता. म्हणजे नोंदवही ही डॉक्टरविरुद्धचा पुरावा आहे असे समजून जे तिला घाबरतात, त्यांनी उलट बाजूनेही विचार करून पाहावा. उद्या एखाद्या रुग्णाला कावीळ झाली आणि बोट आपल्याकडे वळले, तर प्रामाणिक डॉक्टरच्या हातात दुसरे काय असणार आहे?

‘पन्नास वर्षे असेच चालत आले, तेव्हाचे डॉक्टर तर उघड्या हातांनी दात काढत,’ हे दुसरे लाडके उत्तर. ते खरे आहे. दंतवैद्यकात हातमोजे सर्वत्र रूढ झाले ते ऐंशीच्या दशकात एचआयव्हीच्या धास्तीने, आणि त्याच वेळी एक मोलाचे तत्त्वही आले: समोरचा प्रत्येक रुग्ण संसर्गित आहे असे मानूनच काम करायचे, कोणाला विचारत बसायचे नाही. आपल्याकडे मोजे आले, तत्त्व मागे राहिले. आजही एचआयव्ही असल्याचे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या माणसाला ‘मशीन बिघडलंय, दुसरीकडे दाखवा’ असे ऐकावे लागते. २०१७च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरवला आहे, पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. अशा रुग्णाला परत पाठवणारा डॉक्टर नकळत काय कबूल करतो? ज्याला आपल्या ऑटोक्लेव्हवर विश्वास आहे त्याला या रुग्णाची भीती वाटायचे कारण नाही. भीती वाटते याचा अर्थ हत्यार त्या तोंडातून निघाल्यावर स्वच्छ होईल याची त्याला स्वतःलाच खात्री नाही. आणि ज्यांना आपला आजार ठाऊकच नाही असे किती जण त्याच खुर्चीत बसून गेले असतील? रुग्णाला परत पाठवणारा दवाखाना मला इतर कोणत्याही दवाखान्यापेक्षा अस्वच्छ वाटतो, मग तिथली फरशी कितीही चमको.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने हे सगळे कुठे समजून घ्यायचे? समजून घेतलेले आहेच की. इतवारीतल्या कोणत्याही सलूनमध्ये जाऊन बसा. दाढीला बसताच कारागीर पाकिटातले नवे पाते काढतो, तुमच्या डोळ्यांदेखत कट्कन मोडून अर्धे करतो आणि वस्तऱ्यात बसवतो. हे त्याला कोणत्या निरीक्षकाने शिकवले? एड्सच्या काळात गिऱ्हाईक विचारू लागले, विचारणाऱ्याला कोणी भांडखोर म्हटले नाही, आणि बघता बघता ‘नवं पातं’ हा धंद्याचा शिष्टाचार झाला. इंजेक्शनच्या सुईचेही तसेच. पाकीट समोर फाडल्याखेरीज आज कोणी दंड पुढे करत नाही. गालाच्या बाहेरच्या कातडीबाबत जे आपण दाढी करणाऱ्याला ठणकावून सांगतो, ते गालाच्या आतल्या बाजूबाबत डॉक्टरांना विचारताना आपली जीभ का अडखळते? डॉक्टरांचा अपमान होईल म्हणून? मग कारागिराचा का होत नाही? या संकोचात आदर थोडा आणि जात-वर्गाची सवय जास्त, असे मला वाटते. रोष पत्करून लिहितो.

इथे खर्चाचा मुद्दा येतो आणि तो खरोखर अवघड आहे. पाते रुपया-दोन रुपयांचे, एअरोटर, म्हणजे दात कोरायचे ड्रिल, काही हजारांचा. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारे हे हत्यार बंद होताना थोडी लाळ आणि रक्त आत ओढून घेऊ शकते; बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून आतली नळी स्वच्छ होत नाही, म्हणून दर रुग्णानंतर ते वाफेतच घालावे लागते, आणि वारंवारच्या वाफेने त्याचे आयुष्य घटते. आता हिशेब मांडू. नंदनवनातला किंवा मानेवाड्यातला एखादा तरुण डॉक्टर संध्याकाळी तासाला चार रुग्ण पाहतो. त्यांतल्या दोघांना ड्रिल लागते असे धरू. धुणे, पाकीट, तापणे, वाळणे, निवणे मिळून तासभर जातो. म्हणजे दोन एअरोटर वापरात, दोन यंत्रात आणि एखादा दुरुस्तीला गेलेला: निदान पाच हवेत. ज्याच्याकडे दोनच आहेत त्याने कितीही शपथा घेतल्या तरी हे गणित जुळत नाही. म्हणून ‘तुमच्याकडे स्टरलायझेशन होते का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. उत्तर ‘हो’च येणार. ‘डॉक्टर, तुमच्याकडे एअरोटर किती आहेत?’ असे विचारावे.

पण पाच एअरोटर घेणाऱ्या डॉक्टरला आपण काय देतो? दाढ काढायचे पैसे ऐकले की आपण कॉटन मार्केटमध्ये वांग्यांचा भाव पाडावा तसे घासाघीस करतो, ‘चौकातला तर निम्म्यात काढते,’ असे सुनावतो आणि त्या निम्म्यात नक्की काय वगळले असेल हे विचारत नाही. कर्ज काढून दवाखाना थाटलेल्या मुलाला आपण फक्त दात काढण्याचे पैसे दिले, तर तो फक्त दात काढेल. बिलावर निर्जंतुकीकरणाचा खर्च वेगळा दाखवावा आणि आपण तो कुरकुर न करता द्यावा, हे माझे मत काही मित्रांना डॉक्टरधार्जिणे वाटले. वाटो. लपवलेल्या खर्चात कपात करणे सोपे असते, लिहिलेल्या खर्चात अवघड. आणि ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांच्यासाठी शिबिर घ्यायचेच असेल, तर पन्नास आरसे उकळत-बुडवत बसण्यापेक्षा एकदा वापरून टाकायचे प्लास्टिकचे आरसे आणावेत आणि सव्वाशेऐवजी साठच माणसे तपासावीत. गरिबाला फुकट मिळते म्हणून त्याने दुसऱ्याची लाळ स्वीकारावी, हा कुठला परोपकार?

उरला तपासणीचा प्रश्न. ‘निरीक्षक नेमा’ अशी मागणी लगेच होते आणि तिला घाबरणाऱ्यांचे मला पटते. सक्तीची स्वच्छता कशी अंगावर येते हे महाराष्ट्राने १८९७ साली पुण्यात पाहिले आहे. प्लेग खरा होता, घरे तपासण्याची गरजही खरी होती, पण रँडच्या हाताखालच्या सोल्जरांनी ज्या रीतीने घरे तपासली तिने रोगापेक्षा तपासणीचाच धसका लोकांनी घेतला. आज सोल्जर येणार नाहीत, फाइल घेतलेला माणूस येईल आणि पाकीट घेऊन जाईल, ऑटोक्लेव्हचे नव्हे. शिवाय कायद्याची वीणही विरळ आहे. दंतवैद्य म्हणून झालेली नोंदणी डॉक्टरच्या पदवीची खात्री देते, त्याच्या ट्रेची नाही. केंद्राचा २०१०चा आरोग्य आस्थापना कायदा महाराष्ट्राने लागू केला नाही. राज्याचा १९४९चा शुश्रूषागृह कायदा खाटा असलेल्या ठिकाणांसाठी आहे, आणि दातांच्या दवाखान्यात खाट नसते, खुर्ची असते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम मात्र छोट्या दवाखान्यालाही लागू आहेत. म्हणजे काढलेला दात कोणत्या रंगाच्या पिशवीत टाकायचा हे कायद्याने ठरले आहे (पिवळ्या), तो ज्या सांडशीने काढला तिचे काय करायचे याची विचारपूस कोणी करत नाही.

मग निरीक्षकाशिवाय कसे जमेल? बीजाणूंची पट्टी डॉक्टरने टपालाने एखाद्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावी, मेडिकलच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात किंवा मान्यताप्राप्त खाजगी ठिकाणी, आणि येणारा निकाल पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी भिंतीवर लावावा. राज्य दंत परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी हे निकाल मागावेत. यात कोणी कोणाच्या दारात जात नाही. रुग्णाने पोलीस व्हावे असे मी म्हणत नाही. आजारी माणसावर पहारा देण्याचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण भिंतीवरचा कागद वाचायला पहारेकरी व्हावे लागत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुले थोडी नाहीत. साधा संसर्गही त्यांना वेदनांच्या खाईत लोटू शकतो. त्यांच्या आईबापांना तरी तो कागद कुठे लावला आहे हे कळले पाहिजे. दवाखान्यात हत्यारे धुणारी, टोकदार हत्यार बोटात घुसण्याचा धोका रोज पत्करणारी सहायक मुलगी तर या सगळ्या चर्चेत कुठेच नसते. तिला हिपॅटायटिस बीची लस दिली आहे का, हा प्रश्नही त्याच भिंतीवर शोभेल.

माझी रूट कॅनल अर्धीच राहिली होती. ती पुरी करायला मी मेडिकल चौकाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात गेलो. जिना अरुंद, पंखा कुरकुरणारा, निळ्या दिव्याचे कपाट नाही. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. शब्द जुळवत, जरा खाकरून, मी एअरोटरचा प्रश्न विचारला. त्या हसल्या, ‘सहा आहेत काका, एक रिपेअरला,’ म्हणाल्या आणि टेबलाच्या खणातून शाळकरी दोनशेपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक पानावर तारीख, फेरीचा क्रमांक, चिकटवलेली पट्टी. चाळता चाळता मार्चच्या एका पानावर लाल शाईने लिहिलेले दिसले: ‘चाचणी नापास. दाराचे गॅस्केट बदलले. दोन दिवस दवाखाना बंद.’ मी वही मिटून परत दिली आणि खुर्चीत मान मागे टाकली. त्यांनी पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरले आणि फोडले.